तेरावा डॉक्टर, फुरसुंगीचा फेणे आणि महाबळेश्वरचा पाऊस

तर मंडळी, ऐन जुलैत महाबळेश्वरला जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांचं नुकतंच लग्न झालेलं असतं. आणि दोन, ज्यांना हॉटेलचं ऑफ सीझन डिस्काउंट दिसतं, पण हवामान खात्याचा इशारा दिसत नाही. आम्ही पाच जण दुसऱ्या प्रकारातले. पसरणीचा घाट चढेपर्यंत सगळं गाणीबिणी म्हणत चाललं होतं. पाचगणी मागे पडलं आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या पुण्याच्या सातपट तरी. ही माहिती मी गाडीत दिली तेव्हा कोणालाही ती रंजक वाटली नाही.

शनिवारी दुपारी चारला वीज गेली. मोबाईलची रेंज त्याआधीच गेली होती. खोलीत पाच माणसं, दोन मेणबत्त्या, मक्याची पॅटिस आणि बाजारातून आणलेले चणे. अशा वेळी जुनी पिढी भुताच्या गोष्टी सांगायची. आम्ही डॉक्टरवर भांडलो.

डॉक्टर म्हणजे 'डॉक्टर हू'. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली ही विज्ञानकथा-मालिका. एक परग्रहावरचा प्रवासी, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, सगळे त्याला नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. निळ्या रंगाच्या पोलीस बूथसारख्या दिसणाऱ्या खोक्यातून तो काळात कुठेही जातो. खोका आतून बाहेरच्यापेक्षा मोठा. आणि मरायला टेकला की तो मरत नाही, त्याचं शरीर बदलतं. नवा चेहरा, नवा स्वभाव, माणूस तोच. आपल्याकडे जुनं वस्त्र टाकून नवं नेसण्याची उपमा लहानपणापासून कानावर पडलेली असते, त्यामुळे ही कल्पना मला पहिल्या भेटीतच पटली होती. आमच्यातला टेस्टर (नोकरीने टेस्टर, आणि स्वभावानेसुद्धा) याचा इतका भक्त आहे की त्याच्या घराची किल्लीसुद्धा निळ्या खोक्याला अडकवलेली आहे.

ठिणगी टाकली आमच्या मॅनेजरने. तो म्हणाला, "अरे पण मरतच नाही तर मग टेन्शन कसलं? दर वेळी नवा नट आणायचा की झालं."

टेस्टर ताडकन उठून बसला. "मरत नाही असं कोण म्हणालं? नियम होता. बाराच वेळा बदलता येतं. तेरावं शरीर शेवटचं. २०२० मध्ये त्या लोकांनी नियमाची वाट लावली, तेव्हापासून मी बघणं सोडलं."

आता हा नियम आला कुठून, ही गोष्ट फार मजेची आहे.

१९६३ मध्ये असा काही नियम नव्हता. शरीर बदलण्याची कल्पनाच नव्हती. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल तीन वर्षांत आजारी पडला, मालिका तर जोरात चाललेली. मग १९६६ मध्ये निर्मात्यांनी त्याला जमिनीवर पाडला आणि उठवला तो पॅट्रिक ट्राउटन म्हणून. म्हणजे मालिकेतली सगळ्यात प्रसिद्ध कल्पना ही मुळात एका कास्टिंगच्या अडचणीवरचा तात्पुरता तोडगा. आपल्या भाषेत, पॅच. त्याला 'रीजनरेशन' हे नाव मिळायला १९७४ उजाडलं. मधे १९६९ च्या एका कथेत तर डॉक्टर सांगतो की आमचे लोक अपघात सोडला तर कायमचे जगू शकतात. बारा-बिरा काही नाही.

मग आलं १९७६. रॉबर्ट होम्स नावाच्या लेखकाने 'द डेडली असासिन' नावाची चार भागांची कथा लिहिली. त्यात डॉक्टरचा जुना शत्रू, मास्टर, परत आणायचा होता. पण ज्या नटाने तो रंगवला होता तो तीन वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. मग होम्सने मास्टरला सडत चाललेलं प्रेत करून टाकलं. पण शरीर बदलू शकणारा माणूस सडेल कशाला? कारण त्याची सगळी शरीरं संपली म्हणून! आणि संपली कधी? बारा बदलांनंतर. झालं. एका वाक्यात नियम जन्माला आला. गोष्टीला तेवढ्यापुरतं कारण हवं होतं, ते मिळालं, पुढे चला. तेव्हा पडद्यावर चौथा डॉक्टर होता. तेरावा येईपर्यंत मालिका चालेल असं कोणाच्या बापाला वाटलं असेल?

इथे मी मधे पडलो, कारण ही गोष्ट मला फार ओळखीची आहे. हा सरळसरळ मॅजिक नंबर आहे हो! कोडमध्ये कुणीतरी घाईत '१२' लिहून ठेवलंय, कॉमेंट नाही, कारण नाही, आणि लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलाय. सत्तरच्या दशकात प्रोग्रामरनी वर्षाचे दोनच आकडे साठवले, जागा वाचावी म्हणून. हे कोड दोन हजार सालापर्यंत चालेल असं कुणाच्या मनात नव्हतं. ते चाललं. त्याची साफसफाई करायला म्हणून आपल्याकडच्या कंपन्यांत कोबोल शिकलेल्या पोरांची भरती झाली, आणि आज आपण ज्या सोसायट्यांचे हप्ते फेडतोय त्यांचा पाया काही प्रमाणात त्या दोन आकड्यांवर आहे. होम्सचे बारा म्हणजे डॉक्टरचा वायटूके.

(माझाही एक मॅजिक नंबर आहे, सांगूनच टाकतो. एका क्लायंटसाठी मी मराठी कॅलेंडरचं विजेट लिहिलं होतं. महिने किती? बारा. अ‍ॅरे किती मोठा? बारा. २०१२ साली अधिक भाद्रपद आला आणि आमच्या विजेटने गणपती एक महिना आधीच बसवले. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण शाळेत पाठ केलेली, तरी तेरावा महिना खरंच असतो हे डोक्यात आलं नाही. त्या आठवड्यात मला आलेले फोन मी कधी विसरणार नाही.)

बरं, १९७६ मध्ये चाहत्यांना हा नियम आवडला का? तर ते नियमाबद्दल बोललेच नाहीत. ते भडकले वेगळ्याच गोष्टीवर. तोवर डॉक्टरचे लोक, टाइम लॉर्ड्स, म्हणजे देवासारखे गूढ, सर्वशक्तिमान. होम्सने त्यांना दाखवलं गुडघे दुखणारे, झगे सावरत कुरकुरणारे, खुर्चीसाठी कारस्थानं करणारे म्हातारे म्हणून. एखाद्या सहकारी संस्थेची वार्षिक सभा असावी तसे. त्याच वर्षी सुरू झालेल्या चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने कडाडून टीका लिहिली, की मालिकेतली जादू गेली कुठे? बाहेरच्यांची तक्रार आणखी निराळी. मेरी व्हाइटहाउस नावाच्या बाई टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवायच्या. एका भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्यात दाबून धरलेलं दाखवलं, त्यावर त्यांनी इतका गदारोळ केला की बीबीसीला माफी मागावी लागली.

आणि गंमत बघा, ज्या कथेने सगळं बिघडवलं असं तेव्हाचे चाहते म्हणत होते, तीच पुढच्या पिढीला पायाचा दगड वाटू लागली. त्यातला बाराचा आकडा तर वेदवाक्य झाला. टेस्टर १९७६ मध्ये असता तर त्याने होम्सच्या नावाने बोटं मोडली असती. हे मी त्याला सांगितलं. त्याने चणे माझ्याकडून काढून घेतले.

त्यात आणखी एक गुंता. त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे बाराचा नियम येण्याच्या काही महिने आधी, दुसऱ्या एका कथेत डॉक्टरची एका खलनायकाशी मनाच्या ताकदीची कुस्ती होते आणि पडद्यावर मागचे चेहरे उलगडत जातात. आधीच्या तीन डॉक्टरांचे झाले, तरी चेहरे येतच राहिले. आणखी आठ! ते फोटो खरं म्हणजे निर्माता, लेखक वगैरे मंडळींनीच हौसेने वेष करून काढून घेतलेले. हे आठ कोण? हा प्रश्न चाहत्यांनी चाळीसेक वर्षं चघळला. 'ते खलनायकाचे चेहरे होते' असं म्हणून बहुतेकांनी फाईल बंद केली. म्हणजे नियमाविरुद्धचा पुरावा नियमाच्या आधीच नोंदवलेला होता, फक्त तिकडे बघायचं नाही असं ठरलं होतं.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९८९ ला मालिका बंद पडली, २००५ ला परत आली, आणि तुफान चालली. डॉक्टर भराभर बदलू लागले. २०१३ मध्ये पन्नाशीच्या विशेष भागात लेखक स्टीव्हन मॉफॅटने मधेच एक अज्ञात डॉक्टर घुसवला, जॉन हर्टने केलेला. शिवाय डेव्हिड टेनंटच्या डॉक्टरने २००८ मध्ये एक बदल चेहरा न बदलता वापरला होता, तोही हिशेबात धरला. बेरीज केली तर मॅट स्मिथ, ज्याला सगळे अकरावा म्हणत होते, तो निघाला तेरावा. शेवटचा. वायटूकेची ती रात्र ३७ वर्षांनी उजाडली.

२५ डिसेंबर २०१३ च्या भागात तो एका लहानशा गावाचं रक्षण करत शेकडो वर्षं थांबतो. पळून जाता येत असताना थांबतो. म्हातारा होतो, काठी येते, आवाज जातो. आता मरणार. तेव्हा त्याची मैत्रीण भिंतीतल्या एका भेगेपाशी जाऊन पलीकडच्या टाइम लॉर्ड्सना विनवते, आणि ते त्याला नवी शरीरं देतात. यालाही आधार होता: १९८३ च्या एका भागात मास्टरला अशीच नव्या शरीरांची लालूच दाखवलेली. मॉफॅटने नियम मोडला नाही. नियमातली पळवाट वापरली, आणि ती वापरण्याआधी डॉक्टरला मरणाच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं.

"तो भाग बघून मी रडलो होतो," टेस्टर म्हणाला. हे तो दिवसाउजेडी कधीच बोलला नसता.

मग १ मार्च २०२०. ख्रिस चिबनॉल नावाच्या नव्या प्रमुख लेखकाने सांगून टाकलं, की डॉक्टर मुळात टाइम लॉर्ड नव्हेच. ते एक सापडलेलं मूल, कुठल्या तरी अज्ञात विश्वातून आलेलं. शरीर बदलण्याची शक्ती त्या मुलाची. टाइम लॉर्ड्सनी ती त्याच्यावर प्रयोग करून मिळवली आणि बाराची मर्यादा स्वतःवर घातली. डॉक्टरला मर्यादा कधी नव्हतीच, फक्त त्याची आठवण पुसलेली. पुरावा? १९७६ चे ते आठ चेहरे! चिबनॉलने ते बरोबर काढून दाखवले.

मेणबत्तीच्या उजेडात यावर दीड तास वाद झाला. मॅनेजर म्हणाला, मालिका साठ वर्षं चालवायची तर असं करावंच लागतं, रोडमॅप बदलतो. (मॅनेजर आहे तो.) सांगलीहून आलेली आमची ज्युनियर म्हणाली, २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर डॉक्टर झाली म्हणून जे लोक ओरडत होते तेच २०२० मध्ये नियमाचं निमित्त करून ओरडले. त्यात तथ्य आहे. शरीर बदलताना बाईचा पुरुष, पुरुषाची बाई होऊ शकते हे मालिकेने २०११ पासून तीन-चार वेळा पेरून ठेवलं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे व्हिटेकरच्या निवडीत चूक शोधायला जागाच नव्हती. तरी गोंधळ झाला. नियमाचं नाव पुढे करून माणसं कधी कधी भलतंच भांडत असतात.

पण टेस्टरचं दुखणं ते नव्हतं. तो जोडीवर खूश होता. त्याचं म्हणणं वेगळं: "अरे, २०१३ मध्ये तो म्हातारा होऊन मरणार होता. मला वाटलं खरंच संपलं. आता तुम्ही सात वर्षांनी सांगता की तो मरणारच नव्हता. मग मी रडलो ते कशासाठी? माझा तो भाग तुम्ही मागे जाऊन बदललात ना?"

यावर कोणी पटकन बोललं नाही. मला त्याचं पटलं. नवा नियम पुढच्या गोष्टींना लागू करा, तुमचं राज्य आहे. पण हा बदल मागच्या तारखेपासून लागू झाला होता. रेट्रोस्पेक्टिव्ह टॅक्सच म्हणा ना. आणि मला आणखी एक वाटतं. १९६३ चा डॉक्टर हा कोणीतरी साधा, चोरलेल्या यानातून पळालेला भटक्या होता. त्याला एकदम विश्वातलं अद्वितीय मूल केलं की तो मोठा होत नाही, लहान होतो. पण हे माझं मत. ज्युनियरला ते सापडलेलं मूलच भावलं होतं. ती म्हणाली, स्वतःचा जन्म कुठला हे माहीत नसलेली माणसं असतात, त्यांना टीव्हीवर असा नायक कधी दिसणार? टेस्टर यावर गप्प बसला. मीही.

(२०२३ च्या डिसेंबरमध्ये तर डॉक्टर बदलण्याऐवजी दुभंगला, जुना आणि नवा दोघेही शिल्लक! ते टेस्टरला त्या रात्री सांगण्याचा धीर मला झाला नाही.)

हा रोग डॉक्टरपुरता नाही. 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगन घ्या. १९६६ ते ६९ च्या मालिकेत ते तुमच्याआमच्यासारखे, फक्त मेकअप गडद आणि मिशा. १९७९ च्या सिनेमात पैसा आला, तेव्हा त्यांच्या कपाळावर मगरीच्या पाठीसारखे उंचवटे आले. का? काही स्पष्टीकरण नाही. १९९६ मध्ये एका भागात नवे लोक जुन्या काळात जातात आणि जुने गुळगुळीत क्लिंगन बघून आपल्या उंचवटेवाल्या वॉर्फला विचारतात, हे काय? तो तोंड वाकडं करून म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी त्या विषयावर बोलत नाही. इतकं सुंदर उत्तर! एखाद्या कोकणस्थ घरात जुन्या भाऊबंदकीबद्दल विचारल्यावर मिळावं तसं. तिथेच सोडायचं ना? नाही. २००५ मध्ये दोन अख्खे भाग खर्चून विषाणू आणि जनुकांचं स्पष्टीकरण देण्यात आलं. विनोद मेला.

'स्टार वॉर्स'वाल्यांनी तर घाऊक काम केलं. १९९१ पासून जोमाने वाढलेल्या शेकडो कादंबऱ्या, कॉमिक्स, ज्यांत नायकांची लग्नं झाली, मुलं झाली, काही मेलीसुद्धा. डिस्नेने कंपनी घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की ते सगळं आता 'दंतकथा'. अधिकृत नाही. वीस-पंचवीस वर्षं वाचणाऱ्यांचं काय? त्यांना नवीन आवृत्तीवर अपग्रेड करा म्हणून सांगण्यात आलं.

अधिकृत काय आणि प्रक्षिप्त काय, यात पुणेकरांना कोणी शिकवायला नको म्हणा. भांडारकर संस्थेने १९१९ ला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, शेकडो हस्तलिखितं पडताळली, १९६६ ला पुरं केलं. त्यात गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मूळ संहितेत ठेवली नाही, द्रौपदीने कर्णाला भर स्वयंवरात सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंगही नाही. म्हणून कोणाच्या मनातून ते गेलं का? कर्णावरच्या कादंबऱ्या आपण कशाच्या बळावर वाचतो मग!

रात्री कधीतरी झोपलो. रविवारी सकाळी ठरलं होतं प्रतापगडाला जायचं. हॉटेलवाले काका म्हणाले, "आंबेनळी घाटात दरड आलीय, कुठं जाताय?" मग क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. गोमुखातून पाणी पडतं ते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या कायमच्या. पण परंपरा सात धारा सांगते. भागीरथी बारा वर्षांनी येते, सरस्वती साठ वर्षांनी. टेस्टर बराच वेळ त्या धारांकडे बघत होता. मला म्हणाला, "बघ, यांनी अपवाद नियमातच लिहून ठेवलाय. व्हर्जन एकपासून."

परतताना वहिनींनी (मॅनेजरच्या सौ.) पिशवीतून एक पुस्तक काढलं. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. भाच्याला गडावर बसून वाचून दाखवायचे फोटो काढायचे होते म्हणून आणलेलं. गड राहिला, पुस्तक गाडीत निघालं. आणि वादाचा दुसरा अंक सुरू झाला.

भा. रा. भागवतांबद्दल (१९१० ते २००१) एक गोष्ट नेहमी राहून जाते, की मराठी मुलांना विज्ञानकथेची गोडी लावणाऱ्यांत ते अगदी पुढचे. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स, दोघांनाही त्यांनी मराठीत आणलं. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'... नावं तरी काय! आणि या व्हर्न-वेल्सचंच नियमांवरून वाजलेलं. व्हर्नने १८६५ मध्ये माणसं तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे पाठवली. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा धातूच कल्पिला आणि त्यातून पाठवली. १९०३ च्या एका मुलाखतीत म्हातारे व्हर्न वैतागून म्हणाले, मी भौतिकशास्त्र वापरतो, हा शोध लावतो. दाखवा म्हणावं तो धातू! आता खरं बघायला गेलं तर व्हर्नच्या तोफेत बसलेल्यांचा पहिल्याच धक्क्याला चेंदामेंदा झाला असता. म्हणजे नियम पाळणाऱ्याचीही टेस्ट केस फेल. भागवतांनी मात्र दोघांनाही एकाच घरात आणून बसवलं.

तर त्यांचा फेणे. बनेश फेणे, मुक्काम फुरसुंगी, शाळा पुण्यातलं विद्याभवन, सायकल, आणि जिभेने 'ट्टॉक'. वीसेक पुस्तकं. काश्मीर झालं, गुलमर्ग झालं, चक्रीवादळ झालं, विमानचोर झाले. या सगळ्यात एक नियम कुठेही न लिहिता पाळलेला: फेणे मोठा होत नाही. देश बदलतो, फेणे शाळेतच. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने केला तोही पोरगाच. आणि २०१७ मध्ये सिनेमा आला, अमेय वाघचा. त्यात बनेश चक्क मोठा झालेला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला, आणि समोर पेपरफुटी, खून, गिरीश कुलकर्णींचा भयंकर अप्पा.

"मला नाही चालला," वहिनी म्हणाल्या. "सिनेमा छान होता हो. वाघ पण छान. पण तो माझा फाफे नाही. माझा फाफे माझ्याहून मोठा होता, मी तिसरीत असताना. मग माझ्याएवढा झाला. मग मी मोठी झाले आणि तो तिथेच राहिला. त्याने तिथेच राहायचं होतं."

मॅनेजर म्हणाला, "अगं पण आजची मुलं फुरसुंगी म्हटल्यावर सायकल आठवतात का? कचरा डेपो आठवतात, नाहीतर आयटी पार्क." टेस्टर चपापला. त्याचं ऑफिस चक्क फुरसुंगीला आहे. चार वर्षं तो रोज कंपनीच्या बसने तिथे जातोय आणि त्याने फास्टर फेणे वाचलेला नाही. इंग्रजी माध्यम. गाडीत शांतता पसरली.

मी सिनेमाच्या बाजूने बोललो, कारण मला त्यातली एक जागा फार आवडते. सिनेमात भा. रा. भागवत स्वतः एक पात्र म्हणून आहेत, दिलीप प्रभावळकरांनी केलेले. म्हणजे नियम बदलणाऱ्यांनी आधी ज्याचे नियम त्याला गोष्टीत बोलावून खुर्ची दिली. आणि त्यांनी मागे जाऊन काही बदललं नाही. पुस्तकातला पोरगा पुस्तकात सुखरूप आहे. वहिनींचं यावर उत्तर तयार होतं: "खुर्ची दिली म्हणजे परवानगी मिळाली होय?" भागवत २००१ मध्येच गेले, त्यामुळे हा मुद्दा खोडता येईना.

वाईला चहाला थांबलो तेव्हा ज्युनियरने नारळीकरांचा विषय काढला. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिला ती गोष्ट अकरावीला इंग्रजीच्या पुस्तकात होती! जयंत नारळीकरांनी (ते २०२५ च्या मे महिन्यात गेले, अजून पटत नाही) त्यात इतिहासाचा एकच नियम बदलला. १७६१ च्या पानिपतात विश्वासरावाला लागणारी गोळी चुकली. बस. आणि मग त्या एका गोळीचे परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे फेडत नेले: मराठे जिंकले, इंग्रजांचं राज्य देशभर पसरलंच नाही, मुंबईत मात्र इंग्रज उरले. मला वाटतं नियमबदल असा करावा. एका जागी हात घालायचा आणि मग सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. याच माणसाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती आपलं नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून. आपल्याला वेगळा नियम लागू नये म्हणून. बक्षीस मिळवलंच.

टेस्टर म्हणाला, "हे चिबनॉलला कोणीतरी पाठवा." पण आवाजातली धार गेली होती. उतरताना त्याने वहिनींकडून ते प्रतापगडाचं पुस्तक मागून घेतलं. भाच्याला पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला.

परवा त्याचा मेसेज आला. बसमधून लिहिलेला. "चार पुस्तकं झाली. प्रत्येक पुस्तकात सुट्टी लागते, सुट्टी संपते, आणि हा अजून शाळेतच. वय कितीचं धरायचं? बग टाकू का?"

वहिनींनी उत्तर पाठवलं, "टाकून तर बघा."